मित्रासाठी शिधा

एखाद्या माणसाला मदत करायची असेल तर ती त्याला न विचारता करावी, असं हार्लन ओस्बीचं ठाम मत होतं. पुढचा सगळा घोळ या एका मतातून झाला. तो एकतीस वर्षं गावाचा पोस्टमास्तर होता. लोकांच्या हातात त्यांनी न मागितलेल्या गोष्टी नेऊन देण्यातच त्याची हयात गेली होती, त्यामुळे त्याला फार दोष देता येत नाही.

त्याचा मित्र ओर्विन लुंड जेवत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं सप्टेंबरच्या अखेरीस. ओर्विनने पट्ट्याला खिळ्याने नवीन भोक पाडलं होतं, आणि ते तिसरं होतं. हार्लनने विचारलं, "जेवतोस ना रे नीट?"

"बरं चाललंय," ओर्विन म्हणाला.

आमच्या मिनेसोटात 'बरं चाललंय' याचा अर्थ काहीही होतो. पीक उत्तम आलं तरी बरं चाललेलं असतं आणि कोठार जळून गेलं तरी बरंच चाललेलं असतं. हार्लनने मान डोलावली आणि दोघांनी उरलेली कॉफी हवामानावर बोलत संपवली.

चार दिवसांनी ओर्विनच्या मुलीचा, जोलीनचा, ॲरिझोनाहून फोन आला. "हार्लनकाका, तुम्ही रोज बघता त्यांना, खरं सांगा. फोटोत त्यांची मान कॉलरमध्ये नुसती लटकतेय. मी एप्रिलमध्ये येतेय. वजन असंच उतरत राहिलं तर मी त्यांना इकडे घेऊन येणार. मग त्यांनी कितीही आदळआपट केली तरी."

"बरोबर आहे तुझं," हार्लन म्हणाला आणि फोन ठेवला. त्याची बायको मार्डेल जाऊन दोन वर्षं झाली होती. आता ओर्विनही गेला तर गावात हात हलवून 'काय, कसं' म्हणायला चारशे माणसं उरली असती, पण आधी फोन न करता ज्याच्या दारात जाऊन उभं राहावं असं एकही नाही. हे तो कोणाजवळ बोलला नाही. बोलणार कोणाजवळ? असलं बोलण्याचं माणूस ओर्विनच होतं.

शेजारच्या लाव्होनला मात्र सगळं न सांगता कळतं. ती कुंपणापलीकडून पानं ओढता ओढता म्हणाली, "अरे, काउंटीनं नवीन काढलंय ना. पासष्टीच्या वरच्या माजी सैनिकांना दर गुरुवारी शिध्याचं खोकं. मिळकत विचारत नाहीत, काही नाही. ओर्विनला सांग."

"ओर्विन घेईल?"

"छे! तो पाय तुटला तरी कुबडी उसनी घेणार नाही. तू आण आणि त्याच्या फडताळात कोंब."

या शिध्याचा ठराव काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, पाच सदस्यांनी दोन बैठका घेऊन मंजूर केला होता. त्यातली एक अख्खी बैठक डब्यातल्या गाजरांना 'ताजी भाजी' म्हणावं की नाही यावर गेली. शेवटी तीन विरुद्ध दोन मतांनी ती ताजी ठरली.

माजी सैनिकांचं कार्यालय काउंटीच्या कचेरीत तळघरात आहे. तिथली अधिकारी माई वांग, दोनदा इराकच्या युद्धावर जाऊन आलेली. बोलणं मऊ, नजर मात्र सार्जंटची. हार्लन टोपी हातात धरून समोर बसला.

"मी एका मित्रासाठी आलोय," तो म्हणाला.

"हो का," माई म्हणाली, आणि उठून तिने दार हळूच लोटून घेतलं.

हार्लनला ते दार लोटणं तेव्हाच खटकायला हवं होतं. पण तो आपल्या धुंदीत. "मित्र नीट जेवत नाही. एकटाच असतो. बायको गेली."

"किती दिवस झाले?"

"दोन वर्षं. म्हणजे माझी. मित्राची जाऊन सहा झाली."

माईने कागदावर काहीतरी लिहिलं. "मित्राचा सैन्यातून सुटल्याचा दाखला लागेल, मिस्टर ओस्बी. त्यांनाच यावं लागेल."

"तो येणार नाही. फार मानी आहे."

"असतातच," माई इतक्या मायेने म्हणाली की हार्लनला घाम फुटला. "तुम्ही स्वतः होता ना सैन्यात?"

"दोन वर्षं. जर्मनीत. भांडारात होतो, मोजे वाटायचो. युद्ध वगैरे नाही पाहिलं मी. ओर्विननं पाहिलंय. माझं नाव यात घेऊसुद्धा नका." पन्नास वर्षांत हार्लनने सैनिकाची म्हणून एक सवलत घेतली नव्हती. सैनिकांच्या स्मरणदिनाला सगळ्या माजी सैनिकांना उभं राहायला सांगत, तेव्हाही तो बुटाची नाडी बांधत असे.

"मोजे नसते तर युद्ध झालंच नसतं," माई म्हणाली. "तुमच्या नावानं खोकं लावू का?"

"छे छे, नको."

आता इथली एक रीत सांगायला हवी, कारण गाडी इथेच रुळावरून घसरली. आमच्याकडे कोणी काही देऊ केलं तर पहिल्यांदा 'नको' म्हणतात. ते पहिलं नको म्हणजे नुसती सभ्यता. दुसऱ्यांदा विचारलं की पुन्हा नको, ते धर्माचं. तिसऱ्यांदा विचारलं की 'बरं, उरलंच असेल तर' म्हणून दोन्ही हातांनी घेतात. माई जन्मापासून याच राज्यात वाढलेली. तिने या हिशेबाने पुन्हा विचारलं.

"नको, खरंच नको. माझ्याहून गरजू लोक असतील," हार्लन म्हणाला. तो खरंच नको म्हणत होता, पण खरं नको आणि रीतीचं नको यांचा आवाज एकच असतो.

"मिस्टर ओस्बी," माई तिसऱ्यांदा म्हणाली, "नेलं नाहीत तर गुरुवारी एक भोपळा फुकट जाईल."

अन्न फुकट जाणार म्हटल्यावर हार्लनची जीभ आपोआप हलली. "बरं, फुकटच जाणार असेल तर..." आणि बोलून झाल्यावर त्याला वाटलं, काय हरकत आहे? नाव आपलं, पोट ओर्विनचं.

आता हार्लनचा स्वतःचा दाखला हवा. तो दुसऱ्या मजल्यावर नोंदणी विभागात. लिफ्ट दुरुस्तीला. दुखऱ्या गुडघ्याने दुसरा मजला चढल्यावर तिथल्या बाईंनी सांगितलं की जुनी दप्तरं तळघरात हलवलीत, माई वांगच्या शेजारच्या खोलीत, पण अर्ज इथेच करायचा. "ओळखपत्र?"

"बर्निस, मी तुझ्या घरी एकतीस वर्षं टपाल पोचवलंय."

"तुम्ही हार्लन आहात हे मला ठाऊक आहे हो. पण तुम्ही हार्लन आहात याचा पुरावा लागतो." ओळखपत्र गाडीत होतं. गाडी घरी होती, कारण डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. त्या दिवशी आमचा हार्लन त्या जिन्यावर तीनदा चढला आणि तीनदा उतरला, आणि प्रत्येक वेळी तळघरातून माई वांग काळजीने बघत होती. हा माणूस अन्नासाठी इतकी धडपड करतोय, असं तिच्या मनात आलं असणार.

गुरुवारी वाटप जत्रेच्या मैदानावर होतं. उन्हाळ्यात जिथे डुकरांची प्रदर्शनं भरतात त्याच शेडमध्ये. रांगेत पहिला हार्लन, कारण तो कुठेही वीस मिनिटं आधी जातो. त्याच्या हातात भोपळा देण्यात आला, काउंटीच्या अध्यक्षांनी खांद्यावर हात टाकला आणि कोणीतरी म्हणालं, "इकडे बघा." हार्लनने तिकडे बघितलं आणि डोळे मिटले.

खोक्यात भोपळा, ताजी ठरलेली गाजरं, पिवळं चीज, दुधाची भुकटी, राजमा आणि गोठवलेली कोंबडी होती. संध्याकाळी हार्लनने ते ओर्विनच्या ओसरीवर ठेवलं, घंटी वाजवली आणि पळाला. शहात्तर वर्षांचा, एक गुडघा रुसलेला माणूस जेवढा पळू शकतो तेवढा पळाला. लायलॅकच्या झुडपाआड बसून त्याने ओर्विनला खोकं आत नेताना बघितलं, आणि मार्डेल गेल्यापासून त्याला पहिल्यांदा इतका आनंद झाला. ही गोष्ट घरी जाऊन सांगायला कोणी नाही, हे त्याला स्वतःच्या दारात किल्ली फिरवताना आठवलं.

एक बारीकशी चूक राहून गेली होती. खोक्यावर कार्यालयाने चिठ्ठी चिकटवली होती: हार्लन ओस्बी, माजी सैनिक, आणि खाली त्याचा पत्ता. एकतीस वर्षं पोस्टमास्तर असलेल्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा पार्सलवरचा पत्ता वाचला नव्हता.

शुक्रवारी गावचं साप्ताहिक आलं. पहिल्या पानावर हार्लन. डोळे मिटलेले, भोपळा छातीशी धरलेला, आणि वर ठळक अक्षरांत 'भुकेविरुद्ध काउंटीचं पहिलं पाऊल'. डोळे मिटल्यामुळे तो भोपळ्याबद्दल देवाचे आभार मानतोय असं वाटत होतं.

दुपारपासून हॉटडिश यायला लागल्या. कोणाच्या घरी मयत झालं, बाळंतपण झालं किंवा छप्पर उडालं की आमच्याकडे खिमा, मश्रूमचं सूप आणि वर बटाट्याच्या तळलेल्या गोळ्या घालून भाजलेलं हे प्रकरण दारात येतं. पातेल्याच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव असतं, म्हणजे पातेलं परत करायला जावं लागतं आणि तेव्हा तुमची नीट चौकशी करता येते. हार्लनकडे अकरा आल्या. लाव्होन बारावी घेऊन आली.

"लाव्होन, तुला तर खरं माहीत आहे!" हार्लन ओरडला. "ते ओर्विनसाठी होतं!"

"हो रे, हो," लाव्होन फ्रीजमध्ये जागा करत म्हणाली. "पण फोटोत तू खरंच वाईट दिसतोयस. आणि दोन वर्षांत तू माझ्याकडे कप मैदा मागायला आला नाहीस. मार्डेल आठवड्यातून दोनदा यायची."

रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबांनी 'अडचणीतून जाणाऱ्या आपल्या एका बंधूसाठी' प्रार्थना केली आणि नाव घ्यायचं नाही म्हणून मुद्दाम हार्लनकडे बघायचं टाळलं. त्यामुळे बाकी सगळ्यांनी बघितलं. न्हाव्याने केस कापून 'पैशांचं पुढच्या वेळी बघू' म्हटलं. कोणीतरी त्याच्या आवारातली पानं न विचारता गोळा करून नेली. पोस्टमास्तर असताना ज्याच्या शब्दावर गावाची घड्याळं लागत, त्या माणसाकडे लोक आता डोकं किंचित कलतं करून बघायला लागले. मदत न विचारता करावी या मताबद्दल त्याच्या मनात पहिल्यांदा शंका आली.

सोमवारी बरोबर पाच वाजता, म्हणजे आमच्या जेवणाच्या वेळेला, दार न ठोठावता ओर्विन आत आला. एका बगलेत ते खोकं, दुसऱ्या हातात तवा आणि हरणाच्या मांसाचं सॉसेज. चेहरा लाल.

"हे माझ्या ओसरीवर टाकून गेले. पत्ता तुझा आहे." त्याने खोकं टेबलावर आदळलं. "मग पेपरात बघितलं. पन्नास वर्षं ओळखतोस मला. एक शब्द सांगता येत नव्हता तुला?"

हार्लनने खरं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात त्याला दिसलं की ओर्विनने तवा चुलीवर ठेवलाय, दोन ताटल्या काढल्यात आणि दोन काटे मांडलेत. दोन. हार्लनने तोंड मिटलं.

"मला लाज वाटली," तो म्हणाला. हे तसं खोटं नव्हतं, कारण त्या क्षणी त्याला भयंकर लाज वाटत होती.

"लाज कसली? खा."

"तू खाल्लंस तर खाईन."

"मला भूक नाही."

"मग मलाही नाही."

ओर्विनने त्याला एक शिवी हासडली आणि दोन घास खाल्ले. हार्लननेही खाल्ले. मग ओर्विनने त्याच्या ताटलीत आणखी वाढलं आणि तो खातोय की नाही यावर पाळत ठेवत स्वतःही खात गेला. हार्लन मान खाली घालून चावत होता. समोर कोणीतरी चावतंय हा आवाज इतका गोड असतो हे तो विसरून गेला होता.

त्या दिवसापासून ओर्विन रोज पाचला यायचा. बर्फ पडायला लागलं, ओसरीचं तापमान शून्याखाली वीस गेलं, तरी तो फावड्याने वाट काढत यायचा आणि टोपी काढायच्या आत विचारायचा, "दुपारी काय खाल्लंस?" हार्लन खोटंच सांगायचा, "काही नाही." त्यासाठी त्याला दुपारची ताटली धुऊन, पुसून, फडताळात लपवावी लागायची. इज्जतीचं खोबरं झालं होतं, पण ओर्विनच्या पट्ट्याचं तिसरं भोक नाताळात रिकामं झालं आणि दुसरं फेब्रुवारीत. हार्लन चोरून मोजायचा. दर गुरुवारी तो मान खाली घालून डुकरांच्या शेडमध्ये उभा राहायचा, खोकं घ्यायचा, आणि माई वांग विचारायची, "मित्र कसा आहे?"

"सुधारतोय," हार्लन म्हणायचा.

"तुम्ही पण," माई म्हणायची.

एप्रिलमध्ये जोलीन आली. ओर्विनचे गाल बघून ती दारातच थबकली, पण माघार घेणारी नव्हे. तिने वडिलांसाठी ॲरिझोनात खोली बघून ठेवली होती, तिकडच्या उन्हाची, संत्र्याच्या झाडाची वर्णनं केली. ओर्विन ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "मला जमणार नाही. हार्लन उपाशी मरेल."

म्हणून ती शनिवारी हार्लनच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. ओर्विन खिडकीपाशी उभा. लाव्होन पातेलं न्यायच्या निमित्ताने आलेली आणि जायचं नाव घेईना.

"हार्लनकाका," जोलीन म्हणाली, "तुम्ही एवढं मोठं पोस्ट चालवलंत. मला तुमचा अपमान करायचा नाही. पण बाबांचं पुढचं सगळं तुमच्यावर अडलंय. मी त्यांना इथे ठेवून गेले आणि हे सगळं नुसतं निमित्त निघालं, तर मी स्वतःला माफ करू शकणार नाही. तुम्हाला खरंच एकट्याला जमत नाही?"

हार्लनने लाव्होनकडे बघितलं. सोमवारपर्यंत हे उत्तर गावभर होणार होतं. त्याने खिडकीकडे बघितलं. ओर्विन बाहेरच्या बर्फाकडे बघत होता, आणि त्याचे कान लाल झाले होते.

"नाही जमत," हार्लन म्हणाला.

एवढ्यावर थांबायचं असं त्याने ठरवलं होतं. पण तोंड थांबेना. "मार्डेल गेल्यावर मी टेबलावर बसतच नव्हतो. सिंकपाशी उभ्यानं खायचो, ब्रेडचा तुकडा, हातातच. पाच वाजले की मी रेडिओ मोठा करायचो, म्हणजे घर किती गप्प आहे ते ऐकू येऊ नये. कधीकधी तिची ताटली काढायचो आणि परत ठेवायचो. भूक लागली आहे हेच कळायचं नाही. तुझे बाबा आले नसते तर... मला नाही एकट्याला जेवता येत, जोलीन. नाहीच येत."

सहा महिने त्याने जे सोंग घेतलं होतं ते बोलायला गेला, आणि बोलता बोलता त्याला कळलं की यात सोंग कुठेच नाही. आमच्याकडे असं कोणी बोलत नाही, त्यामुळे पुढे काय करायचं ते कोणालाच सुचेना. लाव्होन उगाचच तेच पातेलं पुन्हा पुन्हा पुसत राहिली. जोलीनने टेबलावरचा त्याचा हात दाबला आणि नाक शिंकरलं.

सोमवारी ती एकटीच विमानतळावर गेली.

त्या संध्याकाळी हार्लनने स्वतः खिम्याचे गोळे केले. आता लपवालपवी पुरे असं त्याला वाटलं. ताटल्या वाढून झाल्यावर तो म्हणाला, "ओर्विन, ते खोकं तुझ्यासाठी होतं. मी तुझ्या ओसरीवर ठेवलं. नाव माझं लागलं ते घोळातून."

ओर्विन चावत राहिला. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. ताटल्या शोधायला फडताळ उघडलं, तर आत राजम्याचे तीस डबे. अन्नाला महाग झालेल्या माणसाकडे इतके नसतात. आणि खोकं आत नेलं तेव्हा लायलॅकच्या मागून तुझी टोपी दिसत होती."

"मग रोज कशाला येत राहिलास? बर्फातून?"

ओर्विनने काटा खाली ठेवला. "मार्डेल होती तेव्हा मी गावातून घरी जाताना मुद्दाम तुमच्या रस्त्यानं जायचो. लांब पडायचं. पण पाच वाजता तुमच्या खिडकीतून स्वयंपाकाचा वास यायचा. आमच्या घरातला तसा वास आधीच गेला होता. मग ती गेली आणि तुमच्या खिडकीतनंही काही येईना. मी तरी त्याच रस्त्यानं जायचो, काय माहीत, कधी येईल म्हणून. दोन वर्षं नाही आला रे."

हार्लनने गोळा तोडला, वास घेतला. "यातसुद्धा नाहीये तो," तो हळूच म्हणाला. "ती यात जायफळ घालायची."

"मग घाल की."

जायफळाची बरणी फडताळात सगळ्यात मागे होती. दोन वर्षं कोणी हात लावला नसल्याने झाकण घट्ट बसलं होतं. हार्लनने ओढलं, मग ओर्विनने ओढलं, मग एकाने बरणी धरली आणि दुसऱ्याने झाकण.